चौकटीतली वायर

चाळीस जीबी गवत उतरवायचं होतं मला.
हसू नका. खरंच गवत,
कातळसड्यांवरचे सातशे नमुने,
कागदाला टाके घालून शिवलेले, स्कॅन केलेले,
नावं तपासून सोमवारी परत द्यायचे.
निवृत्त बाईला कोण देतं एवढं काम.

पडद्यावर निळी रेघ, मुंगीच्या चालीची.
दहा तास शिल्लक.
चहा करून आले, तर अकरा.

प्लॅन तीनशेचा. चाचणी घेतली, नऊ.
राउटर बंद केला, तीस मोजले, चालू केला. नऊ.
लोखंडी कपाटाआडून काढून जेवणाच्या टेबलावर मांडला
लोणच्याच्या बरणीशेजारी. आठ.
टीव्ही, मोबाइल, सगळ्यांना वायफायवरून उठवलं
जसं भरल्या पंगतीतून उठवावं. नऊच.
कस्टमर केअरनं आधी एक दाबायला लावला, मग तीन,
मग सनई वाजवत सांगितलं
की माझा वेळ त्यांना मोलाचा आहे.

एका फोनचं काम होतं खरं तर.
शाल्मली खराडीत दिवसभर हेच करते,
बँकांची जाळी जुळवते.
बिबवेवाडी ते खराडी, चौदा किलोमीटर.
तो फोन मी करत नव्हते. मार्चपासून.

रविवारी कात्रजहून अस्लम शिकलगार आला, पाठीला सॅक.
राउटरकडे त्यानं बघितलंही नाही.
कॉम्प्युटरमागची वायर चिमटीत धरली
आणि भिंतीच्या कडेनं निघाला, उकिडवा,
माग काढत जावं तसा.
"कुणी टाकलीय, काकू?"
मुलीनं.
"हातभरावर एकेक क्लिप, कोपऱ्यात वळण सैल.
आमच्यात कुणी एवढं करत नाही."

आतल्या खोलीच्या चौकटीशी थांबला.
ते दार आम्ही कधी पूर्ण लावत नाही.
तिथं वायर चपटी झाली होती,
बोट सापडावं तशी.

साल काढून दाखवली त्यानं.
आत आठ तारा, दोघी दोघी एकमेकींना पीळ घालून.
पीळ कशाला, मी विचारलं.
"बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो मग.
सारखा लागला की वजा होतो."
एक जोडी तुटलेली, दुसरी धाग्यावर.
"तरी चालू होतं?"
"चालतं की. वायर कुरकुर करत नाही. हळू होते फक्त."

मग सहज विचारल्यासारखं,
"दार जोरात आपटलं होतं का?"
वाऱ्यानं, मी म्हटलं.
त्यानं खिडकीकडे पाहिलं.
खिडकीबाहेर चार हातांवर समोरच्या सोसायटीची भिंत,
तिच्यावर एक न हलणारा टॉवेल.
काही बोलला नाही. वीतभर वायर कापली,
नवा प्लग दाबला. कट्.

दोनशे ब्याण्णव.
गवत सरसर उतरलं. वीस मिनिटंही नाहीत.
साडेतीनशे रुपये, चहा नको, तांब्याभर पाणी प्यायला.
कापलेला तुकडा मी कचऱ्यात टाकला,
मग काढून पुसला.

संध्याकाळी फोन लावला.
"नेट फार स्लो झालंय गं."
पलीकडे काहीच नाही,
इतका वेळ, की वाटलं रेंज गेली तिकडची.
मग तिचा कामाचा आवाज:
"राउटर रिस्टार्ट करून बघितलास?"
"नाही."
"मागचं बटण दाब. तीस सेकंद थांब आता.
फोन ठेवू नकोस."

हिरवे दिवे विझले.
मी मोजत राहिले. सतराशी कळलं,
तीही मोजतेय,
माझ्यापेक्षा जरा हळू.