टॅम्स अँड सन्स, मोऱ्या मोकळ्या करणारे

स्टोकमध्ये, बर्सलमच्या चढावर,
कपबशांच्या बंद पडलेल्या कारखान्यात
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे.
खिडकीला भेग, हीटरला ढेकर,
आणि दारावर पाटी लावल्यानंतर
चालून आलेलं पहिलं काम
मोरीचं.

नॉर्मन टॅम्स बूट बाहेर काढून आत आला.
व्हॅन नवी घेतलीय, म्हणाला. पांढरी.
नाव घालून दे. जास्त कलाबिला नको, डक.
इथे मायेनं सगळ्यांना बदक म्हणतात.
बदकानं मान डोलावली
आणि सतरा रात्री कलाच केली.

नावात तीन एस. मी दोनशे अकरा काढले.
पोट सुटलेले, पाठीत वाकलेले,
एक सारखा पुढे कलंडणारा,
एक उगाच नाचरा, लग्नातल्या मामासारखा.
मिरजेत वडील तंबोऱ्याचा भोपळा घासायचे
तेव्हा मी त्यावर बोट फिरवायचे,
कुठे अडखळतं का बघायला.
तो कुणाच्या मांडीशी जाणार, ठाऊक नसायचं.
गाणार तो, वडील म्हणायचे,
आपण पोकळी नीट ठेवायची.

वळण हा एकच शब्द आहे आपल्याकडे:
अक्षराला असतं, रस्त्याला असतं, पोरांना लावायचं असतं,
आणि पाइपालाही असतं, बेसिनच्या खाली,
जिथे केस, चरबी, एखादी अंगठी अडकून बसते.
माझा एस तिथून आला.
नॉर्मनला हे सांगितलं नाही.
इंग्रजीत ते नुसतंच गटार झालं असतं.

त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला.
छान आहे. नंबर मोठा कर.

नंबर!
एसच्या पायाशी निमूट बसलेला,
करडा, बारीक, पाहुण्यांत न मिसळणारा.
मनात त्याला दगड म्हटलं.
तोंडानं बोलले मोकळ्या जागेविषयी, श्वासाविषयी.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
हॉट लेनची मिसेस बूलक.
गेल्या नोव्हेंबरात तिनं सहाचा आठ वाचला.
कुणा परक्या माणसाला रात्री चारदा उठवलं,
तोवर पाणी, पाणीच म्हणूया,
जिना सोडून गालिच्यावर, गालिच्यावरून
नवऱ्याच्या सपातांपर्यंत.
नवरा मार्चमध्ये गेलेला.
चष्मा वर राहिला होता तिचा.

मग मी सहा काढायला बसले.
त्याची मान इतकी उघडी ठेवली
की रात्री तीनला, बिनचष्म्याच्या,
रडवेल्या डोळ्यांनाही तो आठ वाटू नये.
आठाची कंबर आवळली.
एकाला पाय दिला.
एस आखडून घ्यावा लागला. दुखलं, खोटं कशाला बोलू.
पैसे ठरले तेवढेच, अडीचशे पौंड, दोन हप्त्यांत.

शेवटी विचारलं, सन्स म्हणजे कोण कोण?
मी, म्हणाला. आणि रॉय.
रॉय पर्थला असतो. फोन नसतो त्याचा.
मग शेवटचा एस?
तो भेगेतून भट्टीच्या धुराड्याकडे बघत राहिला,
त्यातून धूर निघत नाही, तरी.
राहू दे. जागा आहे ना?
नव्हती.
मी केली.

एक मैत्रीण कॅनव्हास रंगवते, प्रदर्शनं भरवते.
परवा म्हणाली, हे पोटापाण्याचं झालं,
स्वतःचं काही करतेस की नाही?
उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं,
भांडी घासताना, नेहमीप्रमाणे.
तोवर ती लंडनला गेली होती.

काल वॉटरलू रोडला व्हॅन दिसली,
खिडकीपर्यंत बरबटलेली.
नॉर्मन हातावर बाही ओढून पुसत होता.
आधी नंबर, भराभर.
मग रस्त्यावर कुणी आहे का पाहिलं
आणि शेवटचा एस पुसला,
वरून खाली, हात न उचलता.
वळणावर जरा सावकाश.