कॉपी

आमच्याकडे या खेळाला कॉपी म्हणत.
परीक्षेतली नव्हे.
एप्रिलात उत्तरेकडून फुटका बर्फ वाहत यायचा
आणि न्यूफाउंडलँडच्या त्या एवढ्याशा खाडीत अडकून बसायचा.
काही तुकडे टेबलाएवढे, काही दाराएवढे,
काही नुसते दिसायला बर्फ,
आतून चहात बुडवलेल्या पावासारखे.
पहिल्यानं उडी मारायची,
बाकीच्यांनी त्याची पावलं गिरवायची.
थांबलं की तुकडा बुडतो,
म्हणून थांबायचं नाही. एवढाच नियम.

त्या सकाळी मी एकटीच गेले होते किनाऱ्यावर.
बाबांची काठी घेऊन पहिलाच तुकडा ढोसला.
काठी वीतभर आत गेली.
छे, म्हटलं,
आणि घरी येऊन बटाटे सोलले.

हे मुद्दाम सांगतेय.
चौदाव्या वर्षी मला कळत नव्हतं
असं नंतर सगळे म्हणाले, पाद्रीसुद्धा.
कळत होतं.
काठीनं सांगितलं होतं.

दुपारी आम्ही चौघं.
पुढे सेल्बी, मग एल्ड्रेड, मग मी,
शेवटी बारा वर्षांचा हेडली,
थोरल्या भावाचे रबरी बूट घालून,
दोन मापं मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेले.
मासे वाळवायच्या माचाखाली
पिंचर्ट्यांच्या दोन मुली उभ्या होत्या
खिशात हात घालून.

घाबरलीस का, असं कुणीही विचारलं नाही.
लोकांना वाटतं, असं कुणीतरी विचारतं.
कुणी काही विचारत नाही.
नुसतं पुढच्याच्या पाठीवरचं कोट लहान होत जातं
आणि मागच्याचा श्वास मानेवर येतो,
आणि मधे तुम्ही असता.

बर्फाकडे मी पाहिलंच नाही.
एल्ड्रेडच्या टाचा पाहिल्या.
सकाळचा तो तुकडा, तोच,
पायाखाली मऊ लागला,
ओळखीचा वाटला,
आणि मी त्याच्यावरून पुढे गेले.

सातव्या की आठव्या उडीला मागे
आवाज झाला. मोठा नाही.
बादलीत बटाटा टाकल्यावर होतो तेवढा.

हेडली निघाला बाहेर.
एल्ड्रेड पोटावर आडवा झाला, मी त्याचे पाय धरले,
सेल्बीनं गळपट्टा फेकला.
उजव्या बुटात पाणी भरलं आणि बूट निसटला;
मापाचा असता
तर तो त्याला घेऊनच गेला असता.
दोन बोटं गेली पायाची.
ओढ्यात पडला, असं आम्ही त्याच्या आईला सांगितलं,
चौघांनी, एकाच शब्दांत.
तीही कॉपीच.

गेल्या नोव्हेंबरात एल्ड्रेडला पोचवून आलो
आणि सेल्बीच्या स्वयंपाकघरात बसलो.
साठीला टेकलाय. हात कापतो, साखर सांडते.
म्हणाला, तुला एक सांगू?
दुसऱ्याच तुकड्यावर पायातलं बळ गेलं होतं माझ्या.
परतायचं म्हणून मागे वळलो,
तर तुम्ही तिघं. येत होतात.
आणि तू तर हसत होतीस.

हसत नव्हते रे, मी म्हटलं.
दात वाजत होते माझे.

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
जणू तिथं अजून ती मुलगी असेल.
चार पोरं, चौघांचं अवसान उसनं,
ज्यानं त्यानं शेजारच्याकडून घेतलेलं.
मुद्दल कुणाकडे होतं
ते काढता येईना आम्हाला.

मग त्यानं केटली पुन्हा ठेवली.
खिडकीतून खाडी दिसत होती, काळी, उघडी.
हल्ली बर्फ येतच नाही काही वर्षं.
हेडली टोरांटोला असतो, लिफ्ट दुरुस्त करतो.
नाताळला फोन येतो त्याचा,
आणि दरवेळी, बोलणं संपता संपता,
विचारतो,
सापडला का गं बूट?