ओसरीवरची खाट

थाळनेरच्या किल्ल्याचा जो बुरूज उरलाय
त्याच्या सावलीत शेळ्या बसतात.
मी, हवालदार लोटन सुपडू कोळी, निवृत्त,
संध्याकाळी तिथं जातो. डॉक्टर चढू नको म्हणतो.
तापीकडची भिंत कुणी तोफ लावून पाडली नाही,
असं माझा बाप सांगे.
आतली माती आधी सुटली,
नदी नुसती येऊन बसली.

सत्त्याऐंशी साली मला समुद्रापल्याड नेलं.
सुभेदारानं नकाशा उघडला:
केळीच्या पानावर मावेल एवढा देश,
चहूबाजूंनी पाणी.
मी म्हटलं, साहेब, याला शत्रू येणार कुठून?
तो हसला नाही.

त्यांच्याकडे गस्तीच्या बोटी होत्या, दुर्बिणी होत्या,
किनाऱ्याला रात्रभर दिवे.
सीमा मात्र बाजारातून जात होती.
फाट्यावरच्या पाटीतून जात होती: दोन लिप्या,
एकीवर डांबर.
शाळेच्या हजेरीतून जात होती,
मास्तरनं नाव उच्चारलं की
पोरगं इकडचं की तिकडचं ते ठरायचं.

लहान घरात भांडण लागलं ना,
की शेजारी आधी भिंतीला कान लावतो,
मग मधे पडतो,
मग ओसरीवर खाट टाकतो
आणि उठत नाही.
कुणी बंदूक उसनी देतो, कुणी कर्ज,
कुणी हळूच बंदर मागतो.
मला कळायला उशीर झाला.
ती खाट मीच होतो.

जाफन्याच्या एका गल्लीत दार ठोठावलं.
आतून म्हातारी: "यारू?"
भाषा येत नव्हती, शब्द कळला.
रात्री कडी लावून माझी माय तसंच विचारायची:
"कोन शे?"
काय सांगणार होतो मी?
आमच्या कागदावर शांतता असं लिहिलेलं.
तिनं दार उघडलं, माझ्या बुटांकडे पाहिलं.
उंबऱ्यापुढची रांगोळी मोडू नये म्हणून
मी पाय उचलून पलीकडे टाकला.
एवढंच माझ्याकडून झालं.
मागून येणाऱ्यांनी ती पुसली.

यंदा आमच्या गावात कमानीवरून लागलं.
नाव कुणाचं, रंग कुठला, ते मी सांगत नाही,
सांगितलं की तुम्ही बाजू घ्याल.
केळीचे ट्रक दोन रस्त्यांनी जाऊ लागले.
दुरसिंग पावऱ्याची पोरं खालच्या हापशावर येईनाशी झाली.
सुभान तडवी, चाळीस वर्षं एका चिमटीतला तंबाखू खाल्ला आम्ही,
त्याची चुन्याची डबी माझ्याकडेच राहिलीय.
तो न्यायला येत नाही.
मीही पोचवत नाही. हे लिहून ठेवतो.

रात्री पोरं टॉर्च घेऊन नाक्यावर बसतात.
गावाचं रक्षण, म्हणे.
कुणापासून रे?
एकानं न बोलता टॉर्च तडव्यांच्या आळीकडे फिरवला.
एका ओट्यावर कुणाची तरी गोधडी वाळत होती,
ती उजळली आणि विझली.
म्हटलं, एवढ्याशा गावाला दोन नाके परवडत नाहीत.
"आबा, तुमचं वय झालं."

मंगळवारी राखीव पोलिसांची गाडी आली.
पहाटे माझ्या दारावर काठी.
झोपेतच तोंडून गेलं: "कोन शे?"
बाहेर काही क्षण कुणी बोलेना.
मग कोवळा आवाज, वऱ्हाडाकडला असावा:
"बाबा, आधार कार्ड दाखवा जी."

बूट नवे होते त्याचे. टाचेला चावत असणार.
सांगावंसं वाटलं, पोरा, मीही एकदा…
पण पुढं काय सांगायचं?
बस म्हटलं. खाट पुढे ओढली.
बसला नाही. उभ्यानंच तांब्या रिकामा केला,
मग कार्ड उजेडात धरलं,
माझं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं,
आडनावावर
जरा जास्त थांबला.