पाचपैकी चार

कागदावर एकच वाक्य:
डॅनिलो कोटाची चेन स्वतः लावेल,
पाचपैकी चार वेळा, मदतीशिवाय, जूनपर्यंत.
खाली त्याच्या आईची सही, मुख्याध्यापकांची,
शेवटी माझी, पेनातली शाई संपत आलेली.

यॉर्कटनला ऑक्टोबरातच बर्फ पडतो.
बाकीची पोरं एका दमात कोट चढवून मैदानात पसार.
खुंट्यांपाशी उरतो आम्ही दोघं
आणि ओल्या लोकरी मोज्यांचा वास.

सुरुवात शेवटाकडून करायची, असं शिकवलंय मला.
खालची पिन मी बसवायची, चेन मीच वर न्यायची
पार गळ्यापर्यंत.
उरलेलं बोटभर अंतर त्याचं.
तेवढं ओढलं, की कोट त्यानं लावला.
मग दर पंधरवड्याला मी थोडं आधी थांबायचं.
नोव्हेंबरात छातीशी. नाताळाआधी पोटाशी.
नाताळानंतर पुन्हा गळ्याशी.
"सुट्टीत बाबाच लावून द्यायचा," आई म्हणाली,
"सगळ्यांनाच घाई होती हो."
तिचे डोळे माझ्या बुटांवर.

फेब्रुवारी. उणे एकतीस.
पिन काही केल्या डबीत शिरेना.
तो गुणगुणू लागला, एकच सूर, जुन्या फ्रिजसारखा;
म्हणजे रडू आता फार लांब नाही.
माझे हात शिवशिवले.
मी ते मांडीखाली दाबून बसले.
मदत काय, कुणीही करतं.
न करण्याचा पगार मिळतो मला,
आणि त्या दिवशी तो फार कमी वाटला.
घंटा झाली. पोरं लाल गालांनी परत आली.
रकान्यात मी वजा लिहिलं.

मे संपता संपता बर्फ वितळला, मैदानाचा चिखल झाला,
कोटाची गरज कुणालाच उरली नाही.
तेव्हा जमलं. पाचपैकी चार.
पाचव्यांदा अस्तर अडकलं आणि तो हसला.
उन्हात, कोटात, घामाघूम.

आणि काल बालवाडीतली ब्रिन
रेनकोटाची दोन टोकं हातात धरून
खुंट्यांपाशी रडवेली उभी.
डॅनिलो तिच्यासमोर फरशीवर बसला.
पिन डबीत. चेन वर. पोट, छाती, गळा.
आणि तिथे थांबला,
बोटभर अंतर सोडून,
दोन्ही हात मांडीखाली दाबून.

याला रकाना नाही.
मी पेन बाजूला ठेवलं
आणि ब्रिनच्या बोटांकडे बघत राहिले.