पाच मिनिटं आधी

एसी लावला की ओल्या सतरंजीचा वास.
महादेवी नाकाला पदर लावून म्हणायची,
"मागं कुणीतरी भिजलेलं बसलंय."
मी डॅशबोर्डवर मोगऱ्याची डबी चिकटवली.
मग सतरंजी मोगरा माळून आली.

अक्कलकोट रोडला अंबादास गुर्रमनं
ग्लोव्हबॉक्स उतरवून फिल्टर ओढला:
लिंबाचा पाला, धूळ,
आणि राखाडी रुई, बोटभर जाड.
"कारखान्यापुढं लावता की हो गाडी.
अठरा वर्षं माग चालवलाय मी.
छातीतली निघत नाही ही,
इथली तरी निघती."
हसला, हसता हसता खोकला,
वाकून मागाच्या जुन्या तारेनं
खालची तुंबलेली नळी टोकरली.
काळं पाणी भसकन त्याच्याच चपलेवर.

पैसे मोजताना म्हणाला,
"घर यायच्या आधी पाच मिनिटं
एसी बंद, नुसता ब्लोअर.
ओलं तसंच कोंडून ठेवायचं नाही, सर."

आता सात रस्ता आला की बटण दाबतो.
त्रेचाळीस अंशांची हवा तोंडावर.
महादेवी काच खाली करते
आणि सकाळपासून गिळलेलं काहीबाही
बोलायला लागते.

एखाद्या दिवशी पाच मिनिटं पुरत नाहीत.
मग घराची गल्ली तशीच सोडून
तलावाकडनं एक वळसा घेतो.