पहिला प्रश्न

सुरू करण्याआधी विचारायचंच असतं, नियम आहे तसा:
आत्ता, या घडीला, कुठे आहात तुम्ही?
पत्त्याने नाही, देहाने.
माझा परवाना रुग्णाच्या देहामागून चालतो
आणि नदीपाशी थांबतो.

ऑर्व्हल चाळीस वर्षं त्याच नदीवर होता,
मिसिसिपीवर, बार्जांचे दोर बांधत, सोडत.
दोन राज्यांची हद्द पाण्याच्या मधोमध जाते म्हणतात.
त्याला ती कधी आडवी आली नाही.

झटका आला तो बर्लिंग्टनला.
उजवा हात गेला आणि शब्द गेले.
सगळे नाहीत: शिव्या राहिल्या,
एक ते दहा आकडे राहिले,
आणि बहिणीचं नाव,
जे तो पाण्यासाठी वापरायचा, माझ्यासाठी,
दुखतंय म्हणायलाही.

मग त्या बहिणीने, आर्डिथने, त्याला घरी नेलं.
पल्याड. सहा मैल. इलिनॉय.

मी अर्ज केला. बोटांचे ठसे दिले,
एकोणीसशे ब्याण्णवची गुणपत्रिका कॉलेजातून मागवली.
फोनवरची बाई गोड होती: रांगेत आहे.
राज्याराज्यांत करार होतोय म्हणे,
एका परवान्यावर सगळीकडे जाता येईल.
येईलही.
मेंदू मात्र ओल्या सिमेंटसारखा,
ठसा उमटायचा तर आत्ताच.

तोडगा आर्डिथने काढला.
मंगळवारी, शुक्रवारी ती पूल ओलांडते,
अल्याडच्या पहिल्या पेट्रोल पंपावर
हवा भरायच्या यंत्राशेजारी गाडी लावते,
टॅबलेट डॅशबोर्डला टेकवते
आणि कॉफी प्यायला आत जाते.

कुठे आहात तुम्ही, ऑर्व्हल?
तोच आमचा धडा झाला.
आ, जबडा सैल. यो, ओठ गोल. वा.
नशीब, या राज्याच्या नावात जिभेला फारसं काम नाही.
इलिनॉयला ती दोनदा वर न्यावी लागते.
आठव्या आठवड्यात, धुरकटलेल्या काचेआडून, आलं ते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पूल बंद, बर्फामुळे.
स्क्रीन उघडला. मी विचारलं.
"आयोवा." लगेच. लख्ख.
त्याच्या मागे फ्रिज होता,
फ्रिजवर चुंबकाने लावलेलं कुणा पोराचं घोड्याचं चित्र.

खोटं बोलायला काय काय लागतं, मला ठाऊक आहे.
समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखावं लागतं,
खरा शब्द मागे धरून दुसरा पुढे करावा लागतो,
चेहरा सांभाळावा लागतो.
चेहरा त्याला जमला नाही.
ओठांची डावी कड हसली.

"ऑर्व्हल, फ्रिज दिसतोय."
त्याने शिवी हासडली. नेमकी, जागच्या जागी.

नोंदवहीत मी लिहिलं: सत्र नाही, हवामान.
खाली लिहिलं: रुग्ण आज स्वतःहून, मदतीशिवाय, खोटं बोलला.
तीन वेळा वाचलं. मग खोडलं,
कारण ते मी ऐकलं
तेही परवान्याबाहेर.

मंगळवारी पंपावर.
कुठे आहात तुम्ही?
उत्तर न देता त्याने डाव्या हाताने टॅबलेट उचलला,
खिडकीकडे फिरवला:
हवेचं यंत्र, पूल, राखाडी पाणी,
पाण्यावर फुटका बर्फ, कधी या अंगाला, कधी त्या.
पल्याडच्या झाडांपाशी चित्र थरथरत थांबलं.
त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास,
आणि टाळ्यापाशी चाचपडणारी जीभ.
"इलि..."
अर्धं इलिनॉय त्या दिवशी आलं,
माझ्या कागदांच्या आधी.