इतर

कापूसच होता तो, आधी.
आम्लात बुडवून काढलेला, मग स्पिरिटने ओला करून
पिंपात दाबून भरलेला.
ओला आहे तोवर गुणी, असं म्हातारा थेङ म्हणायचा.
गोदामात लेबलं वाचणारा तो एकटाच.
वाळला की त्याला स्वतःचाच ताप चढतो,
काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही,
फक्त ऑगस्ट लागतो
आणि न बघणारी माणसं.

मी रजिस्टर लिहायचे.
बोहायच्या खाऱ्या वाऱ्यात कागद कायम दमट,
शिक्क्याची लाल शाई फुटायची.
कंटेनरचा नंबर, वजन, आल्याची तारीख,
आणि शेवटचा रकाना: मालाचे वर्णन.
परवान्यात न बसणारं काही आलं
की वरून फोन, लुआन, तिथे 'इतर' लिही.
तीन अक्षरं. ना काना, ना मात्रा.
एका पानावर अकरा वेळा लिहिल्याचं आठवतं,
सूर्यफुलाच्या बिया फोडत फोडत.

त्या 'इतर'मध्ये काय होतं ते मला चौकशीत कळलं.
कार्बाइड होतं, राखाडी खडीसारखं,
पाणी लागलं की जळणारा वायू सोडणारं.
सायनाइड होतं, सोन्याच्या खाणींसाठी निघालेलं.
आणि खताचे पांढरे दाणे, शेकडो टन,
कुठल्या तरी गव्हासाठी.
आग विझवायची तर तिची हवा तोडायची,
शाळेतलं पोरही सांगेल.
पण या दाण्यांच्या पोटातच प्राणवायू.
तापले, कोंडले गेले,
की बाहेरच्या हवेशी त्यांना देणंघेणं उरत नाही.
एवढा ढीग, पापणी लवायच्या आत नुसता वायू होतो,
आणि वायूला जागा लागते.
जागा म्हणजे आम्ही.

रात्री साडेदहाला फोन मीच उचलला.
पलीकडे बंबावरचं पोरगं, आवाज नुकता फुटलेला,
मागे सायरन.
ताई, आत काय आहे? पाणी मारू का?
मी रजिस्टर उघडलं.
माझंच अक्षर, नीट, एका रेषेत.
वाचून दाखवलं.
इतर. इतर. इतर.
तो म्हणाला, बरं.

आणि त्यांनी पाणी मारलं.

पहिल्या आवाजाने काचा गेल्या.
काय झालं बघायला आम्ही सगळे खिडकीशीच गेलो,
माणसाची जात.
दुसरा, बुटाची नाडी बांधून व्हावी इतक्या वेळाने,
त्याला आवाज नव्हता,
निदान माझ्या कानांत तो नाही.
थेङच्या हातातला थर्मास
उजाडताना माझ्या मांडीवर सापडला,
झाकण घट्ट, चहा अजून गरम.
थेङ सापडला नाही.

चौथ्या दिवशी सर आली, रस्त्यावर पांढरा फेस धरला.
नदीच्या मुखाशी मासे पोट वर करून.
भिंतीवर यादी लागली.
शहराचे अग्निशामक, हुद्द्यांसकट, फोटोंसकट.
बंदराच्या कंत्राटी पोरांची नावं नव्हती.
तळाला एक ओळ होती: इतर, आणि पुढे आकडा.
हनानहून आलेली एक बाई
ती ओळ बोटाने चाचपत होती,
अक्षरांखाली आणखी अक्षरं असल्यासारखी.
खोउ रुइफङ, ती मला म्हणाली, एकोणिसावं चालू होतं.
पोहता येत नव्हतं हो त्याला,
बंदरावर पाठवताना मला भीती ती पाण्याची.

फोनवर तोच होता का, मला माहीत नाही.
पंचवीस पोरं होती बंबांवर.
मी तिला काही बोलले नाही.

आमच्यात सातव्या रात्री गेलेला माणूस घरी येऊन जातो.
उंबऱ्याशी राख पसरतात, सकाळी पावलं बघतात.
त्या वेळी कुणालाच पसरावी लागली नाही.
ती अजून पडतच होती, जिन्यावर,
दोरीवरच्या कपड्यांवर, सगळ्यांच्या दारात सारखी.
सकाळी माझ्या दाराशी बुटांचे ठसे होते,
रबरी तळाचे, मोठे,
आत न आलेले.
फुटलेल्या खिडक्या मोजणारा सरकारी माणूस असेल.
असेल.